खालची ओळ आधी

पहाटेची प्रार्थना आटोपून गोदावरी मागांच्या शेडमध्ये गेली, ती फक्त सईची चादर कुठवर आली ते बघायला. शनिवार होता. सगळे माग बंद होते. कोपऱ्यातल्या जुन्या मागावर उभ्या सुताचा पांढरा ताणा चढवलेला होता. खालची किनार झाली होती, तिच्यावरचा वीतभर साधा पट्टाही झाला होता, आणि काम तिथंच थांबलं होतं. वरच्या जकार्डला, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एकच माळ लटकत होती. दुसरी माळ खाली सुताच्या पोत्यावर, सुतळीनं बांधून ठेवलेली.

गोदावरीचं लहानपण या शेडमध्ये गेलं होतं. पुढची सगळी वर्षं शाळेत मुलांना बाराखडी शिकवण्यात गेली, तरी पुठ्ठ्यावरची भोकं तिला अजून वाचता येत. लटकणारी माळ तिनं खिडकीच्या उजेडात धरली. ‘माझा प्रभू.’ मग पोत्यावरची उचलली. ‘माझा देव.’

ती माळ तशीच हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सिद्धम्मा कढईत शेंगदाणे भाजत होती. सुबोध चहा पीत बसला होता, आणि कालच्या गाडीनं कुर्डुवाडीहून आलेला धाकटा अजिंक्य कडक भाकरी चहात बुडवून खात होता.

“सुबोध, हे खाली का ठेवलंय?”

सुबोधनं माळेकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. “पाडली. लावली नाही.”

“का?”

“ताई, का ते तुला ठाऊक आहे.”

ठाऊक सगळ्यांनाच होतं. बोललं मात्र कोणी नव्हतं. वडील, अण्णा, गेल्यापासून सुबोध अक्कलकोट रस्त्यावरच्या एका अभ्यासमंडळात जाऊन बसू लागला होता. तिथं पवित्र शास्त्र, बायबल, ओळ ओळ करून वाचत. वाचता वाचता त्याचं मत झालं होतं की येशू देवाचा पुत्र, देवानं पाठवलेला, देवानं उठवलेला. पण देव नव्हे. प्रभुभोजनाला पुढं जाणं त्यानं सोडलं. मंडळीत कोणी विचारलं तर सिद्धम्मा सांगे, त्यांची पाठ दुखते.

“उद्या पोरगी देवळात विश्वास कबूल करणार, तिचं दृढीकरण आहे,” गोदावरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. “या घरात ज्याचं दृढीकरण त्यानं ओळ निवडायची आणि बापानं स्वतः माग चालवून चादर विणायची. अण्णांनी तुझी विणली, माझी विणली, ह्या अजिंक्याची विणली. खांद्यावर ती पांघरून आपण उभे राहिलो. शेवटी शवपेटीवरही तीच घालायची असते.”

“शेवटचं मला नको सांगू,” सुबोध म्हणाला.

कढईतलं उलथणं थांबलं. अण्णांच्या पेटीवर त्यांची चादर घालता आली नव्हती. साथीच्या त्या दिवसांत कोणाच्याच पेटीवर काही घालू देत नव्हते. ती चादर अजून कपाटात होती. तिच्यावरची ओळ होती, ‘तू ऐकतोस’.

अजिंक्यनं घाईनं मध्ये तोंड घातलं. “दादा, तू पण लई ताणायलास. असं कर की. वरची ओळ आता विण. ती तर तुला मान्य आहे. खालची मागनं बघू, तुझं मन झालं की.”

सुबोधला हसू आलं. “रेल्वेत जाऊन पार विसरलास तू. विणकाम खालनं वर जातं. खालची ओळ आधी येते.”

“मग?”

“मग काय. ‘देव’ विणल्याशिवाय ‘प्रभू’पाशी जाताच येत नाही. नाहीतर खालची जागा कोरी सोडायची आणि वर जायचं. एकदा कोरी गेली की गेली.”

गोदावरीनं माळ टेबलावर ठेवली. “ज्याचा विश्वास नाही त्यानं ही ओळ विणूच नये. मी गुरुलिंगकडून काढून आणते. त्याच्याकडं कंप्युटरवरचा जकार्ड आहे, दुपारपर्यंत देईल.”

“आण,” सुबोध म्हणाला. “मी अडवत नाही.”

“नको.”

सई दारात उभी होती. ओले केस, हातात कंगवा. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“पप्पांच्या हातची हवी. नसेल तर चादरच नको. मी साधी ओढणी घेऊन उभी राहीन.”

“अगं, पण ते विणायला तयार कुठं आहेत?” सिद्धम्मा म्हणाली.

“मग मला पटवून द्या, पप्पा.” ती आत येऊन त्याच्यासमोर बसली. “शास्त्रातनं दाखवा. ज्या पुस्तकात शिष्य थोमा येशूला ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणाला, त्याच पुस्तकातनं दाखवा की तो चुकला. पटलं तर मी ओळ बदलते. आणि उद्या उभीपण राहत नाही. पाळकसाहेबांना मीच फोन करते.”

“सई!” गोदावरीनं तिला अडवलं. “असल्या पैजा लावायच्या नसतात.”

“पैज नाही आत्या. उद्या सगळ्या मंडळीसमोर मला विचारणार, हे तू खरं मानतेस का? घरात एकानं नाही म्हटलंय आणि मी ते ऐकूनच घेतलं नाही, तर मी तिथं हो कुठल्या तोंडानं म्हणू?”

सुबोध मुलीकडे बघत राहिला. “आणि नाही पटवता आलं तर?”

“तर तुम्ही विणायची. दोन्ही ओळी.”

“मला न पटता?”

“चादर माझी आहे.”

अजिंक्यनं भाकरीचा तुकडा बशीत ठेवला. “वहिनी, ही तुमच्यावर गेलीय.”

“माझ्यावर नाही,” सिद्धम्मा म्हणाली. “माझ्या अप्पांवर.”

*

जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरली गेली. सुबोधनं आपलं शास्त्र आणलं, खुणांच्या चिठ्ठ्यांनी फुगलेलं. सईनं आपलं आणलं, ते अजून नवं होतं. गोदावरी खुर्चीत बसली. डोळे मिटून ओठ हलवत होती. ती काय मागत असेल ते सुबोधला न सांगता कळत होतं. लहानपणी त्याच्या गणिताच्या पेपराआधीही ती अशीच बसायची.

त्याला जिंकायचं नव्हतं. हे त्याचं त्यालाच आत्ता कळत होतं. पोरीनं उद्या उभं राहू नये असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. पण ज्या ओळीवर आपला भरवसा नाही ती आपल्या हातानं कापडात घालायची, आणि कापड तर तिच्या शेवटापर्यंत टिकणार, हे त्याला जमत नव्हतं. अण्णा म्हणायचे, आपण खोटा माल काढत नाही.

“मार्क घे,” तो म्हणाला. “एक श्रीमंत माणूस धावत येतो, उत्तम गुरुजी म्हणतो. येशू काय म्हणतो? मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकटा देव. आता पुढं जा. शेवटच्या दिवसाची घटका कुणाला ठाऊक? देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. आता सांग, देवाला ठाऊक नाही असं काही असतं का?”

“माणूस झाला तेव्हा त्यानं पुष्कळ काही सोडलं. पौल फिलिप्पैकरांना तेच लिहितो. देवाच्या रूपात होता, पण ते घट्ट धरून बसला नाही, दासाचं रूप घेतलं.”

“रूपात होता म्हणतो. देव होता असं सरळ म्हणत नाही.”

“दासाचं रूप घेतलं म्हणजे दास झाला ना? का नुसतं सोंग घेतलं? एका वाक्यात एकाच शब्दाचं वजन दोन प्रकारचं कसं करायचं, पप्पा?”

सुबोधनं मान हलवली. हे तो घरी एकटा बसून कितीदा तरी स्वतःशी बोलला होता. “ठीक. मग तुझ्या थोमाकडं येऊ. योहान, विसावा अध्याय. पण थोमा नंतर येतो. आधी कोण येतं?”

सईनं पान उलटलं. “मरीया मग्दालीया. कबरेपाशी.”

“तिला तो काय सांगतो ते वाच. मनात वाच.”

सईनं वाचलं. वाचता वाचता तिच्या भुवया जवळ आल्या.

“आता मला सांग,” सुबोध म्हणाला.

“म्हणतो, मी वर चाललोय. माझ्या पित्याकडं आणि तुमच्या पित्याकडं.” ती थांबली. “माझ्या देवाकडं आणि तुमच्या देवाकडं.”

“ज्याला स्वतःचा देव आहे, तो देव कसा?”

सईनं बोट त्या ओळीवर तसंच ठेवलं होतं.

“दादा एक, सई शून्य,” अजिंक्य पुटपुटला.

“भावजी, हा काय क्रिकेटचा सामना आहे?” सिद्धम्मानं त्याच्या पुढ्यातली शेंगापोळीची ताटली उचलून लांब ठेवली.

“अहो वहिनी, एक तरी राहू द्या की.”

गोदावरीनं डोळे उघडले होते. “सई, याला उत्तर आहे. तो मनुष्य म्हणून…”

“आत्या, थांब.” सई म्हणाली, पण उद्धटपणे नाही. “मला बघू दे. मला हे ठाऊक नव्हतं. थोमाची ओळ मी पाठ केली आणि त्याच पानावर वर काय आहे ते बघितलंच नाही.”

तिनं पुन्हा वाचलं. एकदा वर, एकदा खाली. सुबोधला एकाएकी वाटलं की थांबवावं हे, पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतोय. पण ती मान वर करून म्हणाली,

“दोन्ही एकाच पानावर आहेत.”

“मग?”

“योहानला दोन्ही ठाऊक होतं. एकच खरं वाटत असतं तर दुसरं त्यानं गाळलं असतं. त्यानं दोन्ही लिहिलं, जवळ जवळ. मला ते नीट समजत नाही पप्पा, खरं सांगते. पण त्यानं जे ठेवलंय ते मी कसं काढू? तुम्ही मरीया ठेवता आणि थोमाला काढता. मी थोमाला ठेवून मरीयेला काढलं होतं. आता नाही काढणार.”

“थोमा घाबरला होता. मेलेला माणूस समोर उभा. तोंडातनं निघून गेलं त्याच्या.”

“बरं. घाबरून निघालं. आता प्रेषितांची कृत्ये काढा.” आता तिच्या आवाजात जोर आला होता. “लुस्त्रात लोकांनी पौल आणि बर्णबाला देव म्हटलं, बैल आणले, हार आणले. त्यांनी काय केलं?”

“कपडे फाडले,” सुबोध म्हणाला. त्याला पुढचं दिसू लागलं होतं.

“कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला. पेत्रानं काय केलं?”

“उठवलं त्याला.”

“मीही माणूसच आहे म्हणाला. प्रकटीकरणात योहान देवदूतापुढं पडतो, तर देवदूतपण म्हणतो, असं करू नकोस, देवाला नमन कर. भल्या माणसाला कोणी देव म्हटलं तर तो दचकतो, पप्पा. देवदूतसुद्धा दचकतो. येशू दचकला? त्यानं थोमाला गप्प केलं? तो म्हणाला, पाहिलंस म्हणून विश्वास ठेवलास. न पाहता ठेवतात ते धन्य. म्हणजे थोमा जे बोलला त्याला त्यानं विश्वास म्हटलं.”

अभ्यासमंडळात याचंही उत्तर दिलं जाई. ते सुबोधला आठवत होतं, आणि तिथं बसलेलं असताना ते पुरेसं वाटलंही होतं. आत्ता ते तोंडावर आणावंसं वाटेना.

“एक-एक,” अजिंक्य म्हणाला, आणि कोणी रागावलं नाही.

*

सिद्धम्मा नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. सुताच्या सवयीनं त्याची बोटं रिकामी असली की सतरंजीचा धागा चाचपत. आता ती थांबली होती. तिला ते आवडलं नाही. त्यापेक्षा तो भांडलेला बरा.

“अहो,” ती म्हणाली, “खरं काय ते बोला. पुस्तकातलं नको.”

“पुस्तकातलंच आहे.” सुबोधनं शास्त्र मिटलं, एक बोट मात्र आतच राहू दिलं. “गेथशेमाने. तो गुडघे टेकून म्हणतो, हा प्याला माझ्यापुढनं ने. घाम रक्तासारखा गळतो. कुणाशी बोलत होता तो? स्वतःशीच?”

“दवाखान्यात अण्णांना आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. मला आत सोडेनात. काचेतनं बघू देईनात. मी तिथं काय काय मागितलं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. अण्णांच्या चादरीवर लिहिलंय, तू ऐकतोस.” त्यानं शास्त्रातलं बोट काढून घेतलं. “माझ्याजवळ तेव्हा एकच गोष्ट उरली होती. की एका माणसानं असंच मागितलं होतं आणि त्यालाही नाही मिळालं. तो माझ्यासारखा बाकावर बसला होता. आता तुम्ही म्हणता तो देवच होता. मग त्याला आधीच सगळं ठाऊक. मग ते रडणं काय होतं? नाटक? मी नाटकाच्या जोरावर ते दिवस काढले?”

अजिंक्यनं मान खाली घातली. तो तेव्हा कुर्डुवाडीतच अडकला होता. गोदावरीच्या हातातला रुमाल घट्ट झाला. तिला वाटत होतं भावाचं मत त्या अभ्यासमंडळानं फिरवलं. मत त्या बाकावरच फिरलं होतं, आणि इतक्या दिवसांत तिनं त्याला शास्त्रातले संदर्भ तेवढे लिहून दिले होते.

सई सरकून बापाजवळ आली.

“ते नाटक नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणूनच मला ही ओळ हवीय.”

“म्हणजे?”

“आपला कोपऱ्यातला माग. त्याचा धोटा मधेच उसळतो. अण्णांनी त्याच्यावर कधी कामगार बसवला नाही.”

“नाही बसवला. बोट जायचं तर मालकाचं जाऊ दे म्हणायचे.”

“हो ना? मग देव वरच राहिला आणि त्या क्रूसावर दुसऱ्याच कोणाला पाठवलं, आपल्या लाडक्याला का होईना, पण दुसऱ्याला, तर तो आपल्या अण्णांपेक्षाही लहान झाला की. असल्या देवासमोर मी उद्या उभी नाही राहणार. मी उभी राहीन ती तो स्वतः आला म्हणून. तुमच्या बाकावर तुमच्या शेजारी कुणी पाठवलेला माणूस नव्हता, पप्पा.”

सुबोधनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिला.

मग सिद्धम्मा बोलली. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला होता. माहेरी तिच्या अप्पांनी, चनबसप्पा पाटलांनी, तेव्हापासून कितीतरी दिवाळ्या तिला उंबऱ्यात घेतलं नव्हतं. या घरातल्या शास्त्राच्या बोलण्यात ती कधी पडत नसे.

“माझे अप्पा रोज सकाळी अंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेत. गळ्यातल्या लिंगाची तशी पूजा असते आमच्यात. मी लहान होते, विचारलं, अप्पा, देव एवढासा? ते म्हणाले, एवढासा झाला म्हणून तर हातात आला.”

“ते वेगळं आहे, सिद्धम्मा,” गोदावरी हलकेच म्हणाली.

“वेगळंच आहे, वन्सं. मी काही जोडत नाही. मला एवढंच म्हणायचंय, हे म्हणतात देव रडला तर तो देव कसा. मला तसं कधी वाटलंच नाही. या घरात आले तेव्हा मला सगळं नवं होतं. गाणी नवी, सण नवे. देव लहान होतो हे तेवढं नवं नव्हतं.” ती उठली. “होगली बिडरी, जाऊ द्या ते. चहा टाकते.”

“वहिनी,” अजिंक्य म्हणाला, “त्या दोघांना सोडा. आज तुम्ही जिंकलात.”

“तुम्हाला पोळी हवीय म्हणून म्हणताय.”

*

चहा न घेताच सुबोध शेडमध्ये गेला. गोदावरी त्याच्या मागनं गेली. सकाळी ती ज्या तयारीनं आली होती ती आता उरली नव्हती. गुरुलिंगचा फोन येऊन गेला होता. तिनं त्याला नको म्हणून सांगितलं होतं.

सुबोध मागासमोर स्टुलावर बसला होता.

“ताई, मी हरलो असं समजू नकोस. मरीयेची ओळ तिथंच आहे. मी उद्या सकाळी उठेन तेव्हाही ती तिथंच असणार.”

“माहीत आहे.”

“मग तू समजवायला आलीस?”

“नाही.” ती सुताच्या पोत्यावर टेकली. “मी सकाळी म्हटलं, ज्याचा विश्वास नाही त्यानं विणू नये. ते मी मागं घेते. तू विण नाहीतर नको विणू, ते तुझ्या मनाला विचार. पण उद्या देवळात माझ्याशेजारी बस. तू मागं दाराजवळ बसतोस ते आता पुरे झालं.”

“लोक विचारतील, पाठ बरी झाली का.”

“सांगू, पाठ कधी दुखतच नव्हती.”

सुबोधनं बहिणीकडे पाहिलं. तिनं आयुष्यात कधी मंडळीला अवघड वाटेल असं काही बोललेलं त्याला आठवत नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि पोत्याशेजारी वाकून काही शोधू लागली.

“काय बघायलीस?”

“माळ जोडायची सुई. तू नाही लावलीस तर निदान गुंता तरी होऊ नये.”

“ती माळ तू सकाळी घरात नेलीस ताई. टेबलावर आहे.”

ती आणायला गोदावरीला जावं लागलं नाही. सई माळ घेऊन दारात आली होती. मागापाशी येऊन तिनं ती बापापुढं धरली. सुबोधनं लगेच घेतली नाही.

“ऐक आधी,” तो म्हणाला. “मी ही ओळ मानत नाही. उद्या मानेन असंही नाही. तुझी आत्या रोज माझ्यासाठी मागते, तिला मागू दे. उद्या पाळकसाहेब विश्वासाचे शब्द म्हणायला सगळ्यांना उभं करतील. त्यातल्या येशूला देव म्हणणाऱ्या वाक्याला मी बसून राहीन. तोंड उघडणार नाही. तू पुढनं बघशील. तुला वाईट वाटेल.”

“वाटेल.”

“तरी?”

“तरी बसा. पहिल्या बाकावर बसा. मागं जाऊन नाही बसायचं.”

“सगळी मंडळी बघेल.”

“बघू दे. माझे पप्पा खोटं म्हणत नाहीत एवढं तरी त्यांना दिसेल.” मग तिनं मान खाली घातली. “आणि चादर खांद्यावर तुम्हीच घालायची. पाळकसाहेब नाही, आत्या नाही.”

सुबोधनं माळ घेतली.

जोडायला बराच वेळ लागला. गोदावरी पुठ्ठे क्रमानं हातात देत होती आणि तो ते ओवत होता. अजिंक्यला शिडीवर चढवून वरून धरायला लावलं होतं, आणि दर दोन पुठ्ठ्यांमागं तो आपलं रेल्वेत कसं सगळं बटणावर चालतं ते सांगत होता. दारातल्या उजेडाचा पट्टा सरकत भिंतीवर चढला. सिद्धम्मानं शेडमध्येच चहा आणून दिला.

दांडी ओढली तसा जुना माग थडथडत सुरू झाला. सईनं कानांवर हात ठेवले नाहीत. लहानपणापासून तिला तो आवाज झोपेतही चाले. साध्या पांढऱ्या पट्ट्याच्या वर, गडद तांबड्या सुतात, अक्षरांचे पायथे उगवू लागले. आधी नुसते ठिपके, मग काने, मग वळणं.

‘देव’ची अक्षरं अर्धी आली असतील, तेव्हा ताण्याचा एक धागा तुटला. सुबोधच्या कानाला ते आधी कळलं. त्यानं माग थांबवला. एकच धागा, अक्षराच्या पोटातला. चादर खांद्यावर घेतली असती तर कोणाला दिसलाही नसता. घाईच्या मालात असा धागा सोडून पुढं जातात. सईला ते ठाऊक होतं, अजिंक्यलाही ठाऊक होतं.

सुबोधनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. खाली वाकून त्यानं तुटलेली दोन्ही टोकं शोधली. नवा धागा ओवून घेतला, गाठ मारली, लहान, मागच्या अंगाला राहील अशी. ती दातानं कापली. मग त्या अपुऱ्या अक्षरावरून अंगठा फिरवून पाहिला, काही टोचतंय का म्हणून. एकदा फिरवून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं पुन्हा फिरवला.

सई बघत होती. आता काही म्हटलं असतं तर बापाला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. ती काही बोलली नाही. गोदावरीनंही ओठ मिटून घेतले.

“उजेड जायलाय,” सुबोध म्हणाला. “दिवा लाव ग, सई. अजून वरची ओळ आहे.”

त्यानं दांडी ओढली.